खड्डा कोणाचा? सहावी ते आठवीला नागरिकशास्त्र शिकवताना

शाळेच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर खड्डा आहे. तो कोणी बुजवायचा?

सहावीच्या वर्गात हा प्रश्न मी जूनमध्येच विचारते, पुस्तकाला कव्हर घालण्याआधी. उत्तरं धडाधड येतात. सरपंच, आमदार, पंतप्रधान, कॉन्ट्रॅक्टर. मागच्या बाकावरून एखादं "गणपती आले की आपोआप बुजतो" हेही येतं. सगळी उत्तरं फळ्याच्या कडेला लिहून ठेवायची आणि एकही खोडायचं नाही. त्यातलं बरोबर कोणतं ते ठरवायला पुढचे दहा-बारा तास लागतात. तेवढ्यात स्थानिक शासनाचे सगळे धडे होऊन जातात आणि संसदेपर्यंतची वाट मोकळी होते.

आपल्याकडे नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी येतं, त्यामुळे वर्षाच्याही शेवटी येतं. शिवराय संपले की फेब्रुवारी उजाडतो आणि मग व्याख्या, कलमं, सदस्यसंख्या घोकून घेतली जाते. राज्यसभेत जास्तीत जास्त २५० सदस्य असतात हे सांगणाऱ्या मुलाला आपल्या वॉर्डाचा सदस्य कोण हे ठाऊक नसतं. माझा अनुभव जिल्हा परिषदेच्या शाळेतला आहे, म्हणून खाली गाव धरून लिहिलं आहे. शहरासाठी काय बदलायचं ते पुढे येईल.

आधी आपली तयारी

मुलांसमोर उभं राहण्याआधी चार गोष्टी स्वतः शोधून वहीत लिहा. गाव कोणत्या जिल्हा परिषद गटात आणि कोणत्या पंचायत समिती गणात येतं (एका गटात दोन गण असतात). ग्रामपंचायतीत सदस्य किती. कायद्याने ते ७ ते १७ असतात. सरपंचपद या वेळी कोणत्या प्रवर्गासाठी राखीव होतं. आणि शेवटची ग्रामसभा कधी झाली. मला स्वतःला पहिल्या वर्षी यातल्या दोनच गोष्टी सांगता आल्या होत्या, तेव्हा लाजू नका.

पाठ्यपुस्तकातली माहिती छापल्या वर्षाची असते, हेही ध्यानात ठेवा. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून २०२४ मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं गेलं, तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. गावात अजून ग्रामसेवक नि तलाठीच म्हणतात. मुलांना दोन्ही नावं सांगा, नाहीतर घरी जाऊन ती आजोबांशी वाद घालतात.

तास १ ते ३: रस्त्याचा मालक शोधणे

मुलांना बाहेर न्या आणि रस्त्याकडेचे मैलाचे दगड बघायला लावा. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, नारिंगी गावाकडच्या रस्त्याचा. पोरं रोज त्या दगडावर बसतात, पण त्याच्या रंगात शासन दडलंय हे त्यांना माहीत नसतं.

मग वर्गात येऊन उलगडा करा. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. म्हणजे एकाच गावात तीन खड्ड्यांसाठी तीन दारं ठोठवावी लागतात. "शासन वेगवेगळ्या स्तरांवर चालते" हे वाक्य मुलं आपणहून तयार करतात, फक्त त्यांच्या भाषेत: "बाई, म्हणजे सरपंचाला शिव्या देऊन उपयोग नाही, तो रस्ता त्याचा नाहीच."

मुलं गावाचा नकाशा काढतील. त्यात रस्ते चार रंगांत रंगवायचे आणि नकाशा वर्षभर भिंतीवर राहू द्यायचा.

तास ४ आणि ५: दोन दोऱ्या

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून घाई करू नका. लाल आणि निळी अशी सुतळी घ्या. लाल दोरी निवडून आलेल्यांची: सरपंच, पंचायत समितीचा सभापती, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, मंत्री. निळी दोरी नेमलेल्यांची: ग्रामसेवक, गटविकास अधिकारी (बीडीओ), मुख्य कार्यकारी अधिकारी, सचिव. मुलांच्या गळ्यात पाट्या अडकवून दोन रांगा करा. सरपंचासमोर ग्रामसेवक, सभापतीसमोर बीडीओ, असं जोडीने उभं करा आणि विचारा, निवडणुकीत हरल्यावर कोण घरी जातं? बदली कोणाची होते?

हे जमलं की तिसरी दोरी काढा, महसुलाची. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी. ही सगळी नेमलेली माणसं, आणि ग्रामपंचायतीच्या दोरीपासून वेगळी. तालुक्याच्या गावी तहसील कचेरी आणि पंचायत समिती कधी कधी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे मोठी माणसंही चुकीच्या रांगेत तासभर उभी राहतात.

दोन कागद दाखवले की फरक पक्का होतो: सातबारा (महसुलाचा) आणि नमुना ८ चा उतारा (घराचा, ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतला). पण मुलांना घरून सातबारा आणायला सांगू नका. मी एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहा मुलं काहीच न आणता खाली मान घालून बसली, कारण त्यांच्या घरी जमीन नव्हती आणि ते आता सगळ्या वर्गाला कळलं होतं. तेव्हापासून मी स्वतःच्या घरचे कागद आणते, खाते क्रमांक झाकून.

तास ६: ग्रामपंचायतीत

आठ दिवस आधी पत्र द्या. चाळीस मुलं अचानक दारात उभी केली तर चहा-बिस्किटं मिळतात, माहिती मिळत नाही. प्रश्न आधी वर्गात ठरवून प्रत्येक गटाला एकेक वाटून द्या. पाणीपट्टी वर्षाला किती, किती जण भरतात, न भरणाऱ्याचं काय होतं? वित्त आयोगाचा निधी आला तर तो कशावर खर्च झाला? गावाचा विकास आराखडा केंद्राच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर दिसतो. तो आदल्या दिवशी पाहून गेलेल्या मुलांचे प्रश्न धारदार असतात. ते उद्धट होणार नाहीत एवढी काळजी तुम्ही घ्या.

एका गावात आम्ही गेलो तेव्हा सरपंच बाई खुर्चीवर बसलेल्या होत्या आणि उत्तरं त्यांचे यजमान देत होते. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मला काय करावं सुचेना. शेवटी पाचव्या गटातल्या मुलीने सरळ विचारलं, "ताई, तुम्ही पहिली सही कशावर केली?" बाई थांबल्या, मग अंगणवाडीच्या दुरुस्तीच्या कागदाबद्दल पाच मिनिटं बोलत राहिल्या. परतताना वाटेत मी मुलांना सांगितलं की महाराष्ट्रात पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत. एवढंच. बाकीचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुमच्याबरोबर असं घडलं तर यजमानांना टोकू नका, पण प्रश्न विचारताना मुलांना सरपंचांकडे तोंड करून, त्यांना हाक मारून विचारायला शिकवून ठेवा.

तास ७ आणि ८: वर्गाची ग्रामसभा, खऱ्या पैशांची

नाटकातली ग्रामसभा मुलांना आवडते, पण त्यातून ती नाटकच शिकतात. म्हणून ठरवायला काहीतरी खरं द्या. मी वर्गासाठी पाचशे रुपये बाजूला काढते (वर्षातून एकदा, माझ्या खिशातून, शाळेकडे सोय असेल तर उत्तम) आणि त्यांचं काय करायचं ते सभा ठरवते.

क्रम असा ठेवा. सात दिवस आधी लेखी नोटीस लावा, विषयपत्रिकेसह. आदल्या दिवशी मुलींची वेगळी सभा घ्या. हे मी घुसडलेलं नाही, नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायद्यातच आहे. ते का, हे समजावून सांगायची गरज मला एकाच वर्षी पडली. त्यानंतरच्या वर्षी मुलींनी एकत्र बसून ठरवलं की चेंडू नको, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी हवी. सगळ्यांसमोर ही मागणी एकीनेही उभं राहून केली नसती.

सभेच्या दिवशी आधी गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोजायची. नियम आहे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणिताच्या सरांना बोलवा. ६०० मतदारांच्या गावात ९० लागतात, २००० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३०० होतात म्हणून १०० पुरतात. मग "गावात दोन हजार मतदार आणि शंभर जणांनी निर्णय घेतला, हे बरोबर का?" असा प्रश्न सोडून द्या. वर्गात जोरदार भांडण होतं. होऊ द्या.

सरपंच, सचिव, सदस्य या भूमिका चिठ्ठ्या टाकून द्या, हुशार मुलांना वाटू नका. सचिवाने इतिवृत्त लिहायचं: ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, विरोध कोणाचा. मतदानाने निर्णय झाला की हरलेल्यांना विचारा, कसं वाटलं? आणि त्यानंतरच गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाची गोष्ट सांगा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा, आणि तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, साल २००९. मुलांना दुसऱ्यांदा, सहमतीने, तोच निर्णय घ्यायला सांगा. वेळ तिप्पट लागतो. आमच्याकडे एकदा सहमती झालीच नाही आणि पाचशे रुपये महिनाभर कपाटात पडून राहिले. हेही शिकण्यासारखंच होतं.

तास ९: मॉनिटरची निवडणूक

आधी हात वर करून मत घ्या, निकाल झाकून ठेवा. मग गुप्त मतदान घ्या. दोन्ही आकडे शेजारी लिहा. बहुतेक वेळा ते वेगळे येतात, आणि गुप्त मतदानाचं महत्त्व सांगायला तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही.

मतदार यादी, अर्ज, माघारीची मुदत, उमेदवाराचा प्रतिनिधी, डाव्या तर्जनीला स्केचपेनची खूण, सगळं करा. 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही ठेवा. तो खऱ्या निवडणुकीत २०१३ पासून आहे. मोबाइलवरचं मतदान यंत्राचं ॲप मुलांना फार आवडतं, तरी मी कागदी चिठ्ठ्याच वापरते. चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडून मोजता येते, आणि मोजणी डोळ्यांनी पाहणं हाच त्या दिवसाचा गाभा आहे.

याच तासाला एक गैरसमज काढून टाका. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन वेगळी कार्यालयं. हा दुसरा आयोग ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीतून आला, म्हणजे १९९३ नंतर.

निकाल लागल्यावर काहीही झालं तरी तो बदलू नका. खूप वर्षांपूर्वी वर्गातला सर्वांत दंगेखोर मुलगा निवडून आला आणि मी "तू उपमॉनिटर हो" म्हणत पहिल्या नंबरच्या मुलीला मॉनिटर केलं. त्या वर्गाने मतदान या विषयावर पुढे वर्षभर माझं काही ऐकलं नाही. का ऐकावं?

आठवीसाठी खास: सरपंच आणि राष्ट्राध्यक्ष

संसदीय पद्धत आणि अध्यक्षीय पद्धत हा फरक शिकवताना पुस्तकात इंग्लंड आणि अमेरिका येते. मुलांनी दोन्ही पाहिलेले नसतात. पण महाराष्ट्रातल्या गावांनी गेल्या काही वर्षांत दोन्ही पद्धती घरबसल्या अनुभवल्या आहेत, आणि हे फारसं कोणी वापरत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

पूर्वी गावकरी सदस्य निवडत आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली. २०२० मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांकडे आलं. २०२२ मध्ये परत थेट निवड. म्हणजे पहिली पद्धत लोकसभेसारखी: आपण खासदार निवडतो, आणि ५४३ पैकी ज्याच्या मागे बहुमत, तो पंतप्रधान. मतदान यंत्रावर पंतप्रधानांचं नाव त्यांच्या मतदारसंघाबाहेर कुठेच नसतं, हे सांगितलं की आठवीची मुलं अवाक होतात. दुसरी पद्धत अमेरिकेच्या जवळ जाणारी: प्रमुख वेगळा निवडायचा, सभागृह वेगळं. (तिथेही मधे निर्वाचक मंडळ आहे, पण आठवीला एवढं पुरे.)

आता वर्गाचे दोन भाग करा. एका भागात सात सदस्य निवडून त्यांनी सरपंच निवडायचा. दुसऱ्यात सरपंच थेट, सदस्य वेगळे. दुसऱ्या भागात मुद्दाम अशी परिस्थिती आणा की सरपंच एका पॅनेलचा आणि सातपैकी पाच सदस्य दुसऱ्या पॅनेलचे. मग पाण्याच्या टाकीचा ठराव मंजूर करायला सांगा. दहा मिनिटांत काम ठप्प होतं. पहिल्या भागात ठप्प होत नाही, पण तिथे दोन सदस्य फोडून सरपंच पाडायची कारस्थानं मधल्या सुट्टीतच सुरू होतात. दोन्हींचे फायदे-तोटे वहीत लिहायला सांगा. परीक्षेत "संसदीय व अध्यक्षीय पद्धतीतील फरक स्पष्ट करा" आला तर ही मुलं अडत नाहीत.

एखादं चलाख मूल विचारेल, "आणि निवडणूकच झाली नाही तर?" त्यालाही उत्तर आहे. २०२२ पासून बऱ्याच महापालिका आणि जिल्हा परिषदांची मुदत संपली, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि काही वर्षं तिथे प्रशासकांनी कारभार पाहिला. लाल दोरी काढून घ्या आणि फक्त निळी राहू द्या. वर्ग शांत होतो.

सातवीची उद्देशिका

राज्यातल्या शाळांमध्ये परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हटली जाते, आणि रोज म्हटल्यामुळेच तिचे शब्द गुळगुळीत झालेत. मी ती नागरिकशास्त्राच्या तासाला घेत नाही, मराठी व्याकरणाच्या तासाला घेते. एवढं लांबलचक वाक्य फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं: क्रियापद कोणतं? 'अर्पण करत आहोत'. कर्ता कोण? 'आम्ही, भारताचे लोक'. कर्म? 'हे संविधान'. कोणाला अर्पण? 'स्वतःप्रत'. देणारे आम्ही, घेणारेही आम्हीच. राजा नाही, देव नाही, इंग्रज नाही. मधल्या न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता या शब्दांकडे त्यानंतर या, आणि प्रत्येकासाठी शाळेतलंच एक उदाहरण मुलांकडून काढा. बंधुतेला उदाहरण सापडायला नेहमी वेळ लागतो.

पत्र, पोच आणि वाट पाहणे

शेवटी खड्ड्याकडे परत या. मराठीच्या अभ्यासक्रमात औपचारिक पत्र असतंच, तेव्हा ते खोट्या पत्त्यावर लिहून का घ्यायचं? रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाला खरं पत्र लिहा. आपण सरकारी नोकर आहोत, त्यामुळे ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जाऊ द्या. त्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. पत्रात तक्रारीचा सूर नको, मोजमाप हवं: खड्डा किती फूट, फाटकापासून किती अंतरावर, रोज किती मुलं तिथून जातात. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेलं पत्र दिलंच नव्हतं असं समजावं.

त्यानंतर वर्गात एक तक्ता लावा: पत्र दिल्याचा दिवस, आजचा दिवस, मधले दिवस. रोज एक मूल आकडा बदलेल. महिना उलटला तर माहिती अधिकाराचा अर्ज कसा असतो ते शिकवा. कायदा २००५ चा, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जावर सही पालकाची असू द्या.

शहरातल्या शिक्षकांनी हाच आराखडा वॉर्ड ऑफिस, नगरसेवक, आयुक्त असा बदलून घ्यावा. महापौर मिरवतात आणि आयुक्त सही करतात, ही जोडी लाल-निळ्या दोरीत झकास बसते. गोव्यात मधली पायरी काढून टाका. तिथे पंचायत आणि जिल्हा पंचायत अशा दोनच आहेत, पंचायत समिती नाही. तिथे सरपंचाची निवड पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य, करतात, म्हणजे आठवीचा वरचा खेळ गोव्यातल्या मुलांना उलट्या बाजूने सुरू करावा लागेल.

गुण कशावर द्यायचे

व्याख्येवर कमी, रस्ता शोधण्यावर जास्त. माझ्या चाचणीत असे प्रश्न असतात: गल्लीतला दिवा बंद आहे, कुठे जाल? (ग्रामपंचायत.) विजेचा खांब वाकलाय? (महावितरण.) रेशनच्या धान्याची तक्रार? (तहसीलची पुरवठा शाखा.) जातीचा दाखला कोण देतं? (प्रांत.) आरोग्य केंद्रात औषध नाही? (जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग.) एसटी शाळेच्या वेळेला येत नाही? (आगार व्यवस्थापक.) चुकलेल्या उत्तराला अर्धे गुण मी देते, जर मुलाने "तिथून मला पुढे कुठे पाठवतील" हे बरोबर लिहिलं असेल तर.

राहता राहिला पक्षांचा प्रश्न. मुलं घरातून रंग घेऊन येतात. वर्गात पक्षाचं नाव घ्यायला बंदी घालू नका, पण नाव घेणाऱ्याने "त्यांनी काय केलं" हे एका वाक्यात सांगायचं, असा नियम करा. निम्मे वाद तिथेच संपतात. तुम्ही स्वतः कोणाला मत देता हे मात्र विचारलं तरी सांगू नका. गुप्त मतदानाचा तास तुम्हीच घेतलाय.

वर्षअखेर खड्डा बुजला नसेल तर पत्राची प्रत, पोच आणि दिवसांचा तक्ता त्याच मुलांबरोबर सातवीच्या वर्गशिक्षकांच्या ताब्यात द्या. आठवीत आल्यावर विधानसभेतला तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) शिकवताना तो कागद लागणार आहे.